बाटलीवरची दोन अक्षरे आणि पंपाखालची पाठ

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाट आणि आसपासच्या गावांत खरीप म्हणजे सोयाबीन, कपाशी आणि तूर. पेरणी आटोपली की तणनाशकाची फवारणी होते, पुढे अळीसाठी पंप पाठीवर चढतो. या दिवसांत कृषी केंद्राच्या फळीवर एकाच तणनाशकाच्या दोन बाटल्या शेजारी दिसतात. एकीवर लिहिलेले असते 'पेंडिमेथॅलिन ३० टक्के ईसी', दुसरीवर 'पेंडिमेथॅलिन ३८.७ टक्के सीएस'. रसायन एकच असते, फरक शेवटच्या दोन अक्षरांत असतो. समाजकार्य करताना आम्ही शेतमजुरांशी बोलतो तेव्हा या अक्षरांचा अर्थ क्वचितच कोणाला ठाऊक असतो. म्हणून तो समजून घेऊ.

'ईसी' प्रकारात रसायन तेलकट द्रावकात विरघळवलेले असते. त्याला उग्र वास येतो आणि ते त्वचेवर सहज पसरते. 'सीएस' म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कुप्या. रसायनाच्या प्रत्येक बारीक थेंबाभोवती पॉलिमरचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाचे, पातळ कवच असते. या कुप्यांचा आकार साधारणतः काही मायक्रॉन असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या किती लहान असतील याची कल्पना येईल.

कवच तयार कसे होते?

ही कल्पना शेतीतून आलेली नाही. कार्बन न लावता खालच्या प्रतीवर अक्षर उमटवणारा पावतीचा कागद आपण पाहिला आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतील एनसीआर कंपनीने तो बाजारात आणला. वरच्या कागदाच्या मागे रंगद्रव्याच्या सूक्ष्म कुप्या असतात. पेनाच्या दाबाने त्या फुटतात आणि खाली अक्षर उमटते.

कीटकनाशकासाठी वेगळी पद्धत वापरतात. रसायनाच्या तेलकट थेंबांत एक घटक मिसळतात आणि ते थेंब पाण्यात घुसळतात. पाण्यात दुसरा घटक टाकतात. दोन्ही घटकांची गाठ पडते ती फक्त थेंबाच्या पृष्ठभागावर, आणि तिथेच त्यांची साखळी जुळून पापुद्रा तयार होतो. दुधावर साय धरते तसा, पण प्रत्येक थेंबाभोवती सगळीकडून. १९७४ मध्ये अमेरिकेत मिथाइल पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक अशा कुप्यांत भरून 'पेनकॅप-एम' या नावाने आले.

आतले बाहेर येते कसे?

उन्हाळ्यातला माठ डोळ्यांसमोर आणा. माठाला भोक नसते, तरी पाणी भिंतीतून पाझरते. भिंत जाड असेल तर कमी, पातळ असेल तर जास्त. सूक्ष्म कुपीचेही असेच आहे. कवचाची जाडी, पॉलिमरची वीण किती घट्ट, कुपीचा आकार आणि हवेतील उष्णता यांवर पाझरण्याचा वेग ठरतो. हे सगळे कारखान्यात ठरवता येते, म्हणून याला नियंत्रित उत्सर्जन म्हणतात. काही कुप्या पाझरण्यासाठी बनवतात, तर काही वाळल्यावर किंवा कीटकाच्या संपर्कात फुटण्यासाठी.

साधी फवारणी म्हणजे वर्षाचा पगार एका दिवसात उडवणे. सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त रसायन असते, मग ऊन-पावसाने ते झपाट्याने संपते आणि पुन्हा पंप उचलावा लागतो. कुपीतले रसायन आठवड्याच्या मजुरीसारखे थोडेथोडे हाती येते. मलेरियाविरुद्ध घराच्या भिंतींवर फवारायचे पिरिमिफॉस-मिथाइलचे 'सीएस' रूप जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये याच कारणासाठी मान्य केले. ते भिंतीवर काही महिने टिकते.

आपल्यासाठी प्रश्न जगण्याचा आहे

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर राज्य सरकारने पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. ती यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लागू होती. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल होते. 'एसएल' म्हणजे पाण्यात विरघळणारे साधे द्रावण. विष आणि त्वचा यांच्यामध्ये कोणताही पडदा नाही. हे विष शरीरातील एक महत्त्वाचे विकर बंद पाडते. मग घाम आणि लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, श्वास कोंडतो.

याच मोनोक्रोटोफॉसला पॉलियुरेथेनच्या सूक्ष्म कुप्यांत बंद करण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी केले होते. त्यावरचा त्यांचा एक शोधनिबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे यवतमाळच्या पंधरा वर्षे आधी विषाला कवच घालण्याचे ज्ञान आपल्याच राज्यात होते. तरीही मजुराच्या पाठीवरच्या पंपात मुख्यतः साधे द्रावणच राहिले. अखेर २०२३ मध्ये केंद्र सरकारने या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला.

यात एक सामाजिक गणित आहे. बाटली निवडतो तो एक आणि पंप उचलतो तो दुसरा. निवडणारा भाव बघतो, उचलणाऱ्याला निवड नसते. आपल्या वस्त्यांतील भूमिहीन कुटुंबे बहुतेकदा दुसऱ्या बाजूला असतात. प्रयोगशाळेतले ज्ञान बांधापर्यंत आपोआप पोहोचत नाही. ते मागावे लागते आणि मागण्यासाठी आधी माहीत असावे लागते.

पण कवच म्हणजे अभय नव्हे

कवचामुळे हाताळताना त्वचेशी येणारा थेट संपर्क कमी होतो, हे खरे. पण आत विषच आहे. कपड्यांवर वाळलेल्या कुप्यांतून ते नंतरही पाझरत राहते. त्यामुळे लगेच त्रास झाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. अंघोळ आणि कपडे धुणे त्याच दिवशी झाले पाहिजे आणि ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, कारण बहुतेक घरांत ते बाईच धुते.

मधमाश्यांचा अनुभवही बोलका आहे. पेनकॅप-एमच्या कुप्या आकाराने परागकणांसारख्या होत्या. मधमाश्यांनी त्या परागकणांसोबत पोळ्यात नेल्या आणि पोळी उद्ध्वस्त झाली. कवचाचे प्लॅस्टिक मातीत राहते, हा तिसरा प्रश्न. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले आणि पीक संरक्षणाच्या उत्पादनांना २०३१ पर्यंत मुदत दिली. तोवर कुजणारी कवचे शोधावी लागतील.

हळूहळू सोडण्याचे हेच तत्त्व विषाशिवायही कामी येते. गुलाबी बोंडअळीसाठी लावतात त्या कामगंध सापळ्यातील ल्युअर रबरातून मादीचा गंध काही आठवडे सोडत राहते आणि नर पतंग त्यात अडकतात. तिथे मजुराच्या नाकातोंडात काहीच जात नाही.

मग करायचे काय?

पंप उचलण्यापूर्वी बाटली हातात घ्या. टक्का आणि अक्षरे वाचा: ईसी, एसएल की सीएस. त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. सीएसची बाटली वापरण्यापूर्वी हलवा, कारण कुप्या तळाशी बसतात. त्रास झाला तर दवाखान्यात रिकामी बाटली सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला तिचीच मदत होते.

आणि संरक्षक कपडे मागताना संकोच करू नका. कीटकनाशके हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे मिळावेत, ही तरतूद १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही. बोलीत आपण या बाटलीला 'औषध' म्हणतो. निदान फवारणीच्या दिवशी तरी तिला विषच म्हणू या, म्हणजे हात आपोआप जपून चालेल.