चिरनेर परिसरातील राजकीय कलाचे स्थित्यंतर

एखाद्या प्रदेशाचा राजकीय कल पालटला म्हणजे तेथील लोकांची निष्ठा ढळली, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. रायगड जिल्ह्यातील चिरनेर व त्याभोवतालचा उरण-पनवेलचा मुलूख पाहता तो अपुरा ठरतो. येथे पक्ष बदलत गेले. परंतु बहुतेक स्थित्यंतरांच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता.

२५ सप्टेंबर १९३० रोजी तत्कालीन पनवेल तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. रानावरील परंपरागत हक्क सरकारी कायद्याने आवळले गेले असल्यामुळे आगरी शेतकरी व कातकरी यांना काँग्रेसची हाक स्वतःच्या निर्वाहाशी निगडित वाटली. त्या दिवशीच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले.

स्वातंत्र्यानंतर मात्र हाच मुलूख शेतकरी कामगार पक्षाकडे वळला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध दीर्घ संप पुकारला होता. त्या लढ्यातून जागृत झालेल्या कुळवर्गाला हा पक्ष आपला वाटला. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दि. बा. पाटील पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले.

कुळकायद्याने जमिनीची मालकी मिळाली. तथापि १९७० साली सिडकोची स्थापना होऊन तीच जमीन संपादनाखाली आली. जानेवारी १९८४ मधील आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण मान्य झाले. या यशातच पक्षाच्या क्षीणतेचे बीज होते, असे म्हणावयास जागा आहे. शेताच्या जागी भूखंड आला, बंदर व नवी वसाहत उभी राहिली, बाहेरून आलेला मतदार वाढला आणि कुळांच्या एकजुटीचा पाया विरळ झाला.

निवडणुकांचे निकाल हेच दर्शवितात. उरण मतदारसंघात २००९ साली शेतकरी कामगार पक्ष, २०१४ साली शिवसेना, २०१९ साली अपक्ष व २०२४ साली भारतीय जनता पक्ष विजयी झाला. यांतील शेवटचे दोन्ही विजय एकाच उमेदवाराचे आहेत. शेजारच्या पनवेलमध्येही २००९ चा काँग्रेसचा आमदारच २०१४ पासून भारतीय जनता पक्षातर्फे निवडून येत आहे. म्हणजे पक्षांतराइतकाच मतांतराचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा.

२०२४ साली शासनाने उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची योजना हाती घेतली आणि तिच्याविरुद्ध शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदविल्या. चिरनेरच्या नावाशी जमिनीचा प्रश्न पुन्हा जोडला गेला आहे. तो जो पक्ष विश्वासाने हाती घेईल, त्याच्याकडे हा मुलूख पुन्हा झुकणे अशक्य नाही.