सोपाऱ्याच्या स्तूपातली न लिहिलेली माती

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ म्हटले की तो नेमका आणून सोडतो. गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र या जागेचे नाव ‘बुरूड राजाचा कोट’. सूप-टोपल्या विणणारा कुणी बुरूड इथे राज्य करत होता आणि हे उंचवट्याचे टेकाड म्हणजे त्याच्या वाड्याचे अवशेष, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. १८८२ सालच्या उन्हाळ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्या टेकाडाच्या पोटात कुदळ घातली, तेव्हा आत वाडा नव्हता. विटांचा स्तूप होता.

भगवानलाल जुनागढचे. जन्म १८३९ चा. इंग्रजी शाळेचे शिक्षण नाही, पण गिरनारच्या शिलालेखाची अक्षरे लावता लावता ते लिपिशास्त्रात शिरले आणि मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे ताम्रपट, नाणी, लेणी पालथी घातली. ते लिहीत गुजरातीत, मित्र त्याचे इंग्रजी करून देत. पुढे लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. सोपाऱ्याकडे त्यांचे लक्ष लागले ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे काम पाहणारे जेम्स कॅम्पबेल यांच्या सहवासात. ठाणे जिल्ह्याचा खंड तेव्हा तयार होत होता आणि नाशिकच्या लेण्यात उषवदात या प्राचीन दात्याने ज्या शूर्पारकाला दान दिल्याचे कोरले आहे, ते बंदर हेच, हे सिद्ध करायला जमिनीतला पुरावा हवा होता.

पुरावा मिळाला, आणि असा मिळाला की आजही वाचताना अंगावर काटा येतो. घुमटाच्या मध्यावर विटांचा छोटा चौकोनी कक्ष. त्यात दगडी गोल करंडा, झाकणासकट. झाकण उचलले तर मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती फेर धरून बसलेल्या आठ लहान मूर्ती: विपश्यीपासून शाक्यसिंहापर्यंतचे सात बुद्ध, आणि आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्यात सोन्याचा. सोन्याच्या डबीत हिरे-माणके नव्हती. मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांनी मांडले. बौद्ध कथांत सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण बुद्धाचा शिष्य होतो आणि आपल्या गावी चंदनाचा विहार उभारून बुद्धाला बोलावतो. सोन्याहून खापर मोलाचे मानणारी ही रचना पाहिली की त्या कथेमागची श्रद्धा किती खरी होती ते कळते. करंडकांच्या जोडीला सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते. हा ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

आता अडचण पाहा. यज्ञश्रीचे नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले. आठ मूर्तींची शैली मात्र अभ्यासक आठव्या-नवव्या शतकातली मानतात. म्हणजे एकाच दगडी करंड्यात, एका झाकणाखाली, सहा-सातशे वर्षांचे अंतर बसले आहे. नाणे जुने म्हणून कुणी जपून ठेवले आणि मूर्तींबरोबर उशिरा ठेवले? की स्तूप आधीच बांधलेला होता, तो शिलाहार राजांच्या काळाच्या आगेमागे कुणी भक्तिभावाने उघडला, मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बुजवला? की जुना स्तूप ढासळल्यावर सगळाच नव्याने रचला? करंडक, नाणे, मूर्ती कितीही वेळा भिंगाखाली धरल्या तरी याचे उत्तर त्यांच्यात नाही. ते होते कक्षाच्या वरच्या मातीत आणि विटांच्या भरावात. ती माती १८८२ साली घमेल्यांनी उचलून बाजूला टाकली गेली.

यात भगवानलालांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी कक्षाची मापे घेतली, करंडकांची चित्रे काढून घेतली, एकेका वस्तूचे वर्णन छापले. त्या काळी कितीतरी ठिकाणी असा ठेवा निघाला की तो वाटून जाई आणि जागेचे नावही उरत नसे. माती थराथराने वाचायची रीत तेव्हा जगातच नुकती डोळे उघडत होती. इंग्लंडमध्ये पिट-रिव्हर्स यांनी आपल्या जहागिरीतल्या जमिनीवर काटेकोर खोदकाम सुरू केले ते याच दशकात. भारतात ती रीत पक्की बसली १९४४ मध्ये मॉर्टिमर व्हीलर पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाल्यावर. त्यांच्याच इंग्लंडमधल्या उत्खननात हात मातीत घालून आलेले ह. धी. सांकळिया यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती मराठी मुलांच्या अंगवळणी पाडली.

ही रीत नेमकी काय, हे इमारतीच्या आतल्या खोदकामात सगळ्यांत चांगले दिसते. उघड्या शेतात माती वाऱ्या-पावसाने येते. इमारतीच्या आत ती माणसांमुळे येते: चोपून केलेली जमीन, तिच्यावरचा राखेचा पट्टा, मग ओसाडीच्या काळात साचलेला बारीक गाळ, मग छप्पर किंवा भिंत कोसळली त्या दिवसाचा विटांचा ढीग. म्हणून अख्खी जागा एकदम उकरत नाहीत. खुंट्या ठोकून दोरी बांधतात, अर्धा भाग खोदतात आणि अर्धा उभा ठेवतात. उभ्या राहिलेल्या मातीची बाजू करणीने सरळ तासतात, तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारतात. कोरडी असताना एकसारखी तपकिरी दिसणारी भिंत ओली होताच पट्ट्यापट्ट्यांनी उघडते. रंगाच्या तक्त्याशी ताडून प्रत्येक पट्टीचा रंग लिहायचा, बोटांत चुरून पोत लिहायचा: चिकण, वाळूमिश्रित, भुसभुशीत, चुनखडी असलेली. मग वरून खाली आकडे पडतात, (१), (२), (३). प्रत्येक थराचे खापर वेगळ्या पिशवीत जाते आणि पिशवीत चिठ्ठी असते: चर, थर, खोली, तारीख. चिठ्ठी हरवली तर त्या पिशवीतले खापर नुसते खापर उरते.

यातला कठीण भाग थर ओळखण्याचा नाही, खड्डा ओळखण्याचा आहे. समजा कुणी दुसऱ्या थराच्या काळात जमीन खणून चौथ्या थरापर्यंत गेला, काही ठेवले आणि वरून बुजवले. ठेवलेली वस्तू मिळेल चौथ्या थराच्या खोलीवर, पण ती आहे दुसऱ्या थराच्या काळातली. हे फक्त छेदात, म्हणजे तासलेल्या उभ्या बाजूत, दिसते. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या थरांच्या रेघा एका तिरक्या कडेवर येऊन तुटतात, कडेच्या आत माती ढिली आणि मिश्र असते, आणि ती कड जिथे सुरू होते तो खड्ड्याचा काळ. उंदराच्या बिळानेही वरचे खापर हातभर खाली उतरते, म्हणून बिळातली माती वेगळी काढावी लागते. एकदा खोदला की थर संपतो. पुन्हा कुणाला तो पाहता येणार नाही, म्हणून वहीतली रेघ आणि पिशवीतली चिठ्ठी यांना वस्तूइतकेच जपायचे असते.

सोपाऱ्याचा स्तूप पुन्हा उघडला गेला असेल, तर त्याच्या विटांच्या गाभ्यात अशीच एक कड असणार. तिच्या आत फुटक्या विटा, ढिला भराव आणि कदाचित त्या काळच्या भांड्याचे एखादे खापर. कड नसेल तर स्तूप एकाच वेळी रचलेला, आणि मग सोपाऱ्यातल्या बौद्ध संघाचा इतिहास आठव्या शतकापर्यंत जोमात आणावा लागेल. दोन्हींत फरक केवढा! एका बाजूला पडझडीच्या काळात जुना ठेवा जपणारे मूठभर उपासक, दुसऱ्या बाजूला एवढा स्तूप नव्याने उभारू शकणारे श्रीमंत बंदर.

सोपाऱ्याच्या मातीतून आणखी बरेच निघाले. त्याच १८८२ मध्ये भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा, १९५६ मध्ये भुईगावात ना. अ. गोरे यांना नवव्या लेखाचा तुकडा. १९३९-४० मध्ये पुरातत्त्व खात्याने स्तूपाच्या परिसरात खोदकाम केले. पण अशोकाच्या चौदा लेखांचा इथे एकेकाळी पूर्ण संच असेल, तर त्यातले उरलेले दगड कुठल्या पाया-भिंतीत गेले असतील याचा विचार करताना जीव तुटतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती १२ लाखांवर गेली होती. इथे इमारतीच्या पायासाठी पडणारा प्रत्येक खड्डा खरे तर एक उत्खननच असते. फक्त त्याचा छेद कुणी काढत नाही आणि माती डंपरने निघून जाते.

तरी कोटाच्या आवारात एक काम करण्यासारखे राहिले आहे असे मला ठामपणे वाटते. जुन्या खोदकामातली टाकलेली माती बहुधा खड्ड्याच्या बाजूलाच पडते, कारण घमेले लांब वाहायला कुणी तयार नसते. स्तूपाच्या उतारांवर दोन-तीन अरुंद चर घ्यावेत, १८८२ चा मातीचा ढिगारा आणि १९३९-४० चा ढिगारा वेगळे ओळखावेत, आणि ती माती बारीक चाळणीतून काढावी. थरांचा क्रम तिच्यात नसेल, तो मोडलेलाच आहे. पण गाभ्याच्या विटांना चिकटलेल्या भरावातले आठव्या-नवव्या शतकातले एखादे खापर तिच्यात मिळाले, तर त्या काळी इथे काम झाल्याचा पहिला मातीचा पुरावा हाती येईल. त्याच वेळी गाभ्याच्या उघड्या विटांची बाजू तासून, ओली करून, कड दिसते का ते पाहावे आणि दिसो वा न दिसो, तिचा छेद मोजपट्टीसह कागदावर काढावा.