यंत्रातला अ‍ॅम्प आणि मंडपातला आवाज

विद्युत गिटार हे वाद्य तारेपाशी सुरू होते आणि स्पीकरच्या कागदी शंकूपाशी संपते. मधला सगळा प्रवास विजेचा. तारेखालचा पिकअप तिच्या कंपनाचे क्षीण विद्युत-संदेशात रूपांतर करतो, अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर त्याचा पुन्हा आवाज करतो. सतारीचा भोपळा जसा सतारीचाच भाग, तसा अ‍ॅम्प हा विद्युत गिटारचाच भाग आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा अ‍ॅम्प गणिताच्या रूपाने एका लहानशा डब्यात जाऊन बसला आहे. त्या डब्याला मॉडेलर म्हणतात. त्याच्याबद्दल वादकांची एक तक्रार नेहमी कानावर येते : घरी हेडफोनवर झकास वाजतो, पण स्टेजवर गिटार ऐकूच येत नाही. या तक्रारीचा माग काढणे, एवढाच या लेखाचा हेतू.

मी अभियंता नाही आणि गिटारही हौसेपुरतीच वाजवतो. जे शिकलो ते पुस्तके वाचून, जुने अ‍ॅम्प उघडून आणि आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रांच्या कार्यक्रमांत साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी बसून. तिथे एक गोष्ट लक्षात आली. गिटारवादक ठेवायचा, की गिटारचे तुकडे कीबोर्डवरच वाजवून घ्यायचे, हा विचार ऑर्केस्ट्रावाल्याच्या डोक्यात कायम घोळत असतो. गिटार प्रेक्षकांपर्यंत पोचत नसेल, तर तो निर्णय आपोआप होतो. म्हणजे स्वच्छ आवाजाचा प्रश्न हा शेवटी कुणाच्या तरी बिदागीचा प्रश्न आहे.

अ‍ॅम्पचा दोष, गिटारचा गुण

अ‍ॅम्पचे काम आवाज मोठा करणे, पण गिटारच्या अ‍ॅम्पने ते काम कधीच प्रामाणिकपणे केले नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर मर्यादेपलीकडे ताण दिला, की ध्वनिलहरीचे माथे दाबले जातात. दबलेल्या लहरीत मूळ सुराबरोबर नवे उपस्वर जन्म घेतात. १९५१ साली मेंफिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गाण्यातला गिटारचा खरखरीत आवाज बिघडलेल्या अ‍ॅम्पमुळे आला, असे सांगितले जाते. १९६४ साली ‘द किंक्स’ या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा कागद ब्लेडने मुद्दाम फाडला. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून उपस्वर खुलवतो. साधन वेगळे असले तरी ओढ एकच, उपस्वरांची.

मात्र उपस्वर वाढले की कर्कशपणाही वाढतो. त्याला आवर घालतो तो स्पीकर. गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी फारसे बाहेर पडूच देत नाही. तो चाळणीसारखा वागतो. कानाला टोचणारे बरेचसे तिथेच अडते.

डब्यात नेमके काय आहे?

रोलँडचे व्हीजी-८ हे यंत्र १९९५ साली आले, लाइन सिक्सचा लाल पॉड १९९८ साली. पुढे फ्रॅक्टलचे अ‍ॅक्स-एफएक्स आणि केंपर यांनी ही नक्कल इतकी पुढे नेली, की मुद्रित आवाजात खरा अ‍ॅम्प कोणता हे ओळखणे जाणकारांनाही अवघड जाऊ लागले.

इथे ‘मुद्रित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मॉडेलर फक्त अ‍ॅम्पची नक्कल करत नाही. अ‍ॅम्प, त्याची स्पीकरची पेटी आणि त्या पेटीसमोर ठेवलेला माइक, अशा तिघांची मिळून ती नक्कल असते. पेटी आणि माइक यांचा स्वभाव एका छोट्या ध्वनिनमुन्यात टिपलेला असतो. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. तो बहुधा सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही लहान असतो. म्हणून खोलीत अ‍ॅम्पसमोर उभे राहिल्यावर जे ऐकू येते ते मॉडेलर देत नाही. स्टुडिओत माइकला जे ऐकू येते ते देतो.

यातून पहिला नियम निघतो. मॉडेलर थेट मंडपाच्या साउंड सिस्टीमला जोडायचा असेल, तर पेटीची नक्कल चालू हवी, नाहीतर चाळणीच उरत नाही आणि आवाज माशी घोंगावल्यासारखा येतो. तोच डबा खऱ्या गिटार-अ‍ॅम्पला जोडायचा असेल, तर पेटीची नक्कल बंद हवी. दोन चाळण्यांतून गाळलेला आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. ‘ऐकू येत नाही’ या तक्रारींपैकी अनेक तक्रारी एवढ्या एका बटणाने मिटलेल्या मी पाहिल्या आहेत.

कानाचा स्वभाव

पण सगळ्या मिटत नाहीत, कारण पुढची अडचण यंत्रात नसून आपल्या कानात आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले, की माणसाचा कान सगळ्या पट्ट्यांतले ध्वनी सारख्याच जोराने ऐकत नाही. आवाज लहान असताना खर्ज फारच कमी जाणवतो आणि अतितार स्वरही मागे पडतात. आवाज मोठा केला, की हा फरक बराच कमी होतो.

आता रात्री खोलीत एकटा बसलेला वादक डोळ्यांसमोर आणा. आवाज लहान, त्यामुळे खर्ज पातळ वाटतो. तो खर्ज वाढवतो, चमक हवी म्हणून वरची पट्टीही वाढवतो आणि मधली पट्टी खाली ओढतो. एकट्या गिटारला हा आवाज भारदस्त वाटतो. हेच सेटिंग मंडपात मोठ्या आवाजात वाजले, की वाढवलेला खर्ज घुमतो आणि वाढवलेली तार टोचते. शिवाय खर्जाची जागा बेस गिटार आणि ड्रमने घेतलेली असते, वरची जागा झांजांनी. गिटारच्या हक्काचा, साधारण ५०० ते २००० हर्ट्झचा मधला पट्टा मात्र वादकाने स्वतःच्या हाताने रिकामा केलेला असतो. दोष साउंडवाल्याला दिला जातो, पण जो पट्टा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही तो त्याने वाढवायचा कसा?

काय करावे?

प्रीसेट तयार करताना आवाज स्टेजइतका मोठा हवा. हेडफोन नको, सर्व पट्ट्या सारख्या वाजवणारा स्पीकर हवा. कानांसाठी एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. सोबत बेस आणि ड्रमचे मुद्रण लावावे. एकट्याचा आवाज जुळवण्यात अर्थ नाही.

गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर ८२ हर्ट्झचा. त्यामुळे ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे कापून टाकले तर गिटारचे फारसे काही जात नाही, बेसला मात्र मोकळी जागा मिळते. वर ५००० ते ७००० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी काप द्यावा. तरीही टोचत असेल, तर मॉडेलरमधला माइक शंकूच्या मध्यावरून थोडा कडेला सरकवावा. मधली पट्टी, एकट्याने ऐकताना किंचित नाकातली वाटेल इतकी, राहू द्यावी.

गेन घरी आवडतो त्यापेक्षा कमी ठेवावा. तो जास्त झाला की प्रत्येक आघात सपाट होतो आणि तार छेडल्याची धारच हरवते. रिव्हर्बही निम्म्यावर आणावा. सभागृहाचा स्वतःचा घुमारा असतोच. सोलोसाठी गेन वाढवण्याऐवजी आवाज ३ डेसिबलच्या आसपास वाढवावा. प्रत्येक हॉलमध्ये प्रीसेट उघडून बसू नये. बहुतेक मॉडेलरमध्ये सर्व प्रीसेटना एकदम लागू होणारा इक्वलायझर असतो, हॉलची तडजोड तिथे करावी.

यंत्राला विचार करायला वेळ लागतो म्हणून आवाज मागे पडतो, असेही काहीजण म्हणतात. चांगल्या मॉडेलरचा विलंब काही सहस्रांश सेकंदांचा असतो. ३ सहस्रांश सेकंदांत ध्वनी जेमतेम एक मीटर जातो. अ‍ॅम्पपासून एक पाऊल मागे उभे राहिल्याइतकाच हा फरक.

माझ्या ओळखीच्या एका गिटारवादकाच्या बाबतीत हे सगळे करून पाहिले. सेटिंग तयार झाल्यावर त्याने ते घरी वाजवले आणि नाराजीने म्हणाला, “काका, हा आवाज फारच किरकोळ वाटतो.” मी त्याला म्हटले, कार्यक्रम होईपर्यंत हात लावू नकोस. पुढच्या कार्यक्रमात मी शेवटच्या रांगेत बसलो. गाणे गायिकेचेच राहिले, पण दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत गिटारचा प्रत्येक स्वर सुटा ऐकू येत होता. साउंडवाल्याने त्याच्या पट्टीला रात्रभर हात लावला नाही. ऑर्केस्ट्रावाल्यानेही कीबोर्डचा विषय त्या हंगामात काढला नाही.

मॉडेलर विकत घेताना त्यात किती अ‍ॅम्प आहेत हे आपण मोजतो. मंडपात त्यांतले दोन-तीनच लागतात. तेवढे इतर वाद्यांच्या सोबतीने आणि मोठ्या आवाजात ऐकून जुळवले, तर शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही गिटार ऐकू येते.