दुनळीचा दस्ता

बंदूक हातात आली की माणसं नळ्या बघतात, चाप बघतात. लाकडाकडे फारसं कुणी पाहत नाही. बर्मिंगहॅममध्ये १८७५ साली ॲन्सन आणि डीली यांनी घोडे आत लपवणारी सुटसुटीत रचना काढली, आणि त्या धर्तीच्या दुनळी शिकारी बंदुका जगभर गेल्या. आपल्याकडेही आल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. कोकणातल्या काही घरांत मात्र शेतीरक्षणाच्या परवान्यावर त्या राहिल्या. आमच्या चाचांकडे तशी एक होती.

या बंदुकांचा दस्ता अक्रोडाचा. हे लाकूड धक्का सोसतं, चिरफाळत नाही, बारीक नक्षी धरतं. त्याला खरा त्रास होतो तो तेलाचा. बंदूक कोपऱ्यात नळ्या वर करून उभी ठेवतात. यंत्राला घातलेलं तेल वर्षानुवर्षं ओघळत लाकडात मुरतं. लाकूड काळं पडतं, मऊ होतं. मग बार काढला की लोखंड मागे रेटतं आणि यंत्रामागे, दस्त्याच्या मानेत चीर जाते. हा काळेपणा लोकांना जुनेपणाची शोभा वाटते. तो आजार आहे, आणि चीर गेलेली बंदूक खांद्याला लावणं धोक्याचं.

दुरुस्ती मात्र घरी करायची नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार तो परवान्याचा धंदा आहे. जाणता कारागीर आधी लोखंड उतरवतो. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लाकडाला लेप देतो. लेप वाळताना तेल ओढून घेतो, पिवळा पडतो. तो झाडायचा, पुन्हा द्यायचा. यात दिवसच्या दिवस जातात, पण तेल निघाल्याशिवाय चिरेत कुठलाच चिकटा धरत नाही. खोक पडली असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटले असतील, तर नाही येत.

पॉलिश कागद हा दस्त्याचा मोठा वैरी. थोडा जास्त घासला की लाकूड खाली जातं, लोखंडाच्या कडा वर राहतात, आणि तो सांधा पुन्हा जुळत नाही. मुठीवर इंचाला वीस-चोवीस रेषांची चौकटी नक्षी असते, तीही पुसते. चाचांच्या दस्त्यावरची नक्षी हातानं गुळगुळीत झाली होती. कारागिरानं विचारलं, ‘‘चाचा, नव्यानं कोरू?’’ चाचा म्हणाले, ‘‘नको रे, हाताला सवय झालीय.’’ मला ते पटलं.

शेवटी जवसाचं तेल, तळहातानं, अगदी थोडं. एक हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. इंग्रज कारागीर त्यात लालीसाठी एक मुळी भिजवत. आपल्या रोगनजोशला रंग देणारी रतनजोत तिच्याच कुळातली! व्हार्निशची काच मला तरी या लाकडावर बघवत नाही. आणि तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. ती वाळताना तापतात, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवावीत, नाहीतर उघड्यावर पसरून वाळवावीत.