उशिरा मोजलेली दुखणी

आयर्लंडच्या परंपरेने भटक्या ट्रॅव्हलर समाजाविषयी सरकारी आयोगाचा अहवाल आला १९६३ साली. प्रश्न ‘भटकेपणा’चा होता आणि आयोगात एकही ट्रॅव्हलर नव्हता. या लोकांना इतरांत मिसळवून टाकावं, हा त्याचा रोख. त्यांची जगण्याची रीतच सरकारदरबारी दोष म्हणून नोंदली गेली. पुढच्या साठ वर्षांतल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ मला इथंच दिसतं.

पुढे १९८३ आणि १९९५च्या सरकारी अहवालांची भाषा हळूहळू बदलत गेली. खरा बदल मात्र १९९४ मध्ये डब्लिनच्या फिंग्लस भागात सुरू झाला. ‘पॅव्ही पॉइंट’ या संस्थेने पूर्व विभागाच्या आरोग्य मंडळाबरोबर ट्रॅव्हलर बायकांनाच आरोग्यसेविकेचं प्रशिक्षण दिलं. दवाखान्यात अपमान होईल या धास्तीने जी बाई पाऊल टाकत नसे, तिच्या कॅरॅव्हॅनच्या दारात आता तिच्याच नात्यागोत्यातली बाई लसीकरणाचं बोलायला येऊ लागली. पुढे हाच नमुना देशभर गेला. एवढ्या वर्षांच्या धोरणांतून एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी ही निवडेन.

२०१० मध्ये अखिल आयर्लंड ट्रॅव्हलर आरोग्य अभ्यास प्रसिद्ध झाला. माहिती गोळा करणारेही ट्रॅव्हलरच होते, म्हणून दारं उघडली गेली. पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६१.७ वर्षं निघालं, म्हणजे इतर आयरिश पुरुषांपेक्षा पंधरा वर्षांनी कमी. हजार जन्मांमागे १४.१ बाळं दगावत होती. देशाचा आकडा होता ३.९. आत्महत्यांचं प्रमाण इतरांच्या सहापट. समाजातल्या दर शंभर मृत्यूंपैकी अकरा आत्महत्येचे. प्रत्येक विस्तारित कुटुंबात कुणीतरी असं गेलेलं असेल, तर शोकाला तरी उसंत कुठली?

या दुःखाला निव्वळ समुपदेशनाचा उतारा पुरत नाही. २००२च्या कायद्याने परवानगीवाचून तळ टाकणं फौजदारी गुन्हा ठरवलं, आणि त्याच वर्षी ट्रॅव्हलरांसाठी पहिलं राष्ट्रीय आरोग्य धोरणही जाहीर झालं. एका हाताने औषध देऊन दुसऱ्या हाताने निवारा काढून घेणं, याला मी धोरण म्हणू शकत नाही. २०१५ मध्ये डब्लिनजवळच्या कॅरिकमाइन्समध्ये ट्रॅव्हलरांच्या तात्पुरत्या तळावर आग लागून दहा जण गेले. उरलेल्यांसाठी नेमलेल्या जागेचीही शेजारच्या रहिवाशांनी अडवणूक केली.

१ मार्च २०१७ रोजी पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली, तेव्हा प्रेक्षक-सज्जात बसलेल्या ट्रॅव्हलरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आत्महत्या-प्रतिबंधाच्या राष्ट्रीय धोरणाने त्यांना प्राधान्यगटात आधीच घेतलं होतं. तरीही खास ट्रॅव्हलरांसाठीचा आरोग्य कृती-आराखडा यायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. अभ्यास हाती होता २०१०पासून. मधल्या बारा वर्षांत आरोग्यसेविकांनी आपलं काम चालू ठेवलं, आणि ओळखीच्या घरांतले तरुण जाताना त्यांनी पाहिले.