रेषेवरचा शब्द

रंकाळ्याचे पाणी हिरवे झाले, केंदाळ माजले, की कोल्हापुरात त्यावर लेख येतात. असाच एक लेख मी दोनदा वाचला आणि कळला असे समजून बाजूला ठेवला. मग तो मिटून त्याचा संकल्पना-नकाशा काढायला बसलो. सांडपाणी, फॉस्फरस, शेवाळ, ऑक्सिजन, मासे या चौकटी पटापट झाल्या. सांडपाण्यातून फॉस्फरस 'मिळतो', त्यावर शेवाळ 'पोसते', इथपर्यंत ठीक. शेवाळाकडून ऑक्सिजनकडे बाण काढला आणि हात थांबला. 'कमी करते' लिहावे, तर शेवाळ हिरवे. उजेडात ते ऑक्सिजन सोडते हे शाळेतच शिकलो होतो.

लेख पुन्हा उघडला. मेलेले शेवाळ कुजवणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. शिवाय रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते. म्हणून पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि मासे गुदमरतात. 'जीवाणू' ही चौकटच माझ्या कागदावर नव्हती, आणि दोन वाचनांत तिची उणीव मला भासली नव्हती.

असे नकाशे 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हॅक यांच्या गटाने सुरू केले. मुलांची विज्ञानाची समज वर्षानुवर्षे कशी बदलते हे ते मुलाखतींतून पाहत होते आणि त्या ढिगातून अर्थ काढायला त्यांना साधन हवे होते. दोन संकल्पना आणि त्यांना जोडणारा शब्द मिळून एक विधान होते, आणि विधान खरे की खोटे हे तपासता येते. गाईडांतल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या आकृत्यांत रेषा मुक्या असतात, म्हणून त्यांत चूकही सापडत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मीना खरटमल आणि जी. नागार्जुन यांनी याच जोडशब्दांवर काम केले; ते नेमके आणि ठरलेल्या अर्थाचे असावेत, असा त्यांचा आग्रह.

या पद्धतीला एक धक्काही बसला. 2011 साली कार्पिके आणि ब्लंट यांनी 'सायन्स'मध्ये दाखवले, की उतारा समोर ठेवून नकाशा काढणाऱ्यांपेक्षा उतारा बाजूला सारून आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात जास्त राहिले. नकाशाचे भक्त यावर रागावले. मला तो निष्कर्ष पटतो, कारण पुस्तक समोर असले की आपण फक्त उतरवून घेतो. त्याच दोघांनी 2014 मध्ये उतारा न पाहता नकाशे काढून घेतले, तेव्हा ते आठवून लिहिण्याइतकेच उपयोगी ठरले.

माझ्या कागदावर केंदाळ कोपऱ्यात आहे. ते उजेड 'अडवते', फॉस्फरस 'शोषते'. उपसून काठावर टाकले, की कुजून तोच फॉस्फरस पावसाबरोबर तळ्यात 'परततो'. हा बाण मला सर्वांत शेवटी सुचला. सांडपाण्याचा पहिला बाण तर केंदाळ काढल्याने हलतच नाही.