उच्च-वारंवारता कृत्रिम श्वसनयंत्र : कार्यतत्त्व आणि उपयोगाच्या मर्यादा

प्रस्तावना :
फुप्फुसांना रक्तात पुरेसा प्राणवायू पोहोचविणे किंवा रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकणे अशक्य झाले म्हणजे श्वसनक्रिया निकामी झाली असे म्हटले जाते. अशा रुग्णास कृत्रिम श्वसनयंत्राचा, म्हणजेच व्हेंटिलेटरचा आधार द्यावा लागतो. परंतु जीव वाचविणारे हे यंत्र फुप्फुसांना इजाही करू शकते. मोठ्या श्वासामुळे निरोगी वायुकोश अतिरिक्त ताणले जातात आणि मिटलेले वायुकोश वारंवार उघडमीट होऊन दुखावतात. ही इजा टाळण्यासाठी अत्यंत लहान श्वास अतिशय वेगाने देणारे यंत्र विकसित झाले. त्याचे कार्यतत्त्व व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यतत्त्व :
प्रौढ व्यक्तीच्या एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासमार्गातच राहते, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. या हिशेबाने त्याहून लहान श्वास व्यर्थ ठरावयास हवा. तथापि धापा टाकणारा कुत्रा अशाच लहान श्वासांवर तग धरतो, याकडे यँडेल हेंडरसन व सहकाऱ्यांनी १९१५ मध्येच लक्ष वेधले होते. पुढे १९७२ मध्ये जर्मनीत लुंकनहायमर व सहकाऱ्यांनी श्वासमार्गातील हवा वेगाने आंदोलित करूनही वायुविनिमय घडतो हे प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले.

उच्च-वारंवारता आंदोलक यंत्रातील पडदा लाऊडस्पीकरच्या पडद्याप्रमाणे सेकंदाला ३ ते १५ वेळा, म्हणजे मिनिटाला १८० ते ९०० वेळा पुढे-मागे होतो. नलिकेच्या मध्यभागी हवा वेगाने तर कडेला संथ वाहते. त्यामुळे ताजी व वापरलेली हवा एकमेकींत मिसळते. शेजारच्या वायुकोशांतही हवेची देवाणघेवाण होते आणि शेवटचे अंतर रेणूंच्या विसरणाने पार पडते.

यंत्रातील सरासरी दाब फुप्फुसे उघडी ठेवतो. प्राणवायूचा पुरवठा प्रामुख्याने या दाबावर व दिलेल्या हवेतील प्राणवायूच्या प्रमाणावर अवलंबून असतो. कार्बन डाय-ऑक्साइडचा निचरा मात्र आंदोलनाच्या आकारमानावर अधिक अवलंबून असतो. म्हणूनच वारंवारता कमी केली असता प्रत्येक आंदोलन मोठे होऊन निचरा वाढतो. नेहमीच्या व्हेंटिलेटरच्या नेमके उलट असे हे वर्तन आहे.

उपयोगाचा पडताळा :
अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी हे यंत्र विशेष आशादायी मानले गेले. तथापि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७३ अर्भकांच्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी अमेरिकेतील चाचणीत अल्प लाभ आढळला, तर ७९७ अर्भकांच्या ब्रिटिश चाचणीत फरक आढळला नाही. नेहमीचे यंत्र अपुरे पडल्यास नवजात अर्भक विभागात आजही या यंत्राचा आधार घेतला जातो.

प्रौढांच्या तीव्र श्वसनत्रास संलक्षणाबाबत, म्हणजे एआरडीएसबाबत, २०१३ साली दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. कॅनडातील संशोधकांच्या नेतृत्वाखालील 'ऑसिलेट' ही चाचणी १,२०० रुग्णांसाठी योजली होती. ती ५४८ रुग्णांनंतर थांबवावी लागली, कारण रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण या यंत्राच्या गटात ४७ टक्के, तर नेहमीच्या यंत्राच्या गटात ३५ टक्के होते. ब्रिटनमधील 'ऑस्कर' चाचणीत दोन्ही गटांतील प्रमाण जवळजवळ समान होते. छातीतील वाढीव दाबामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. त्यामुळे रक्तदाब टिकविण्याची औषधे अधिक लागतात; शिवाय गुंगीची औषधेही अधिक लागतात. हे या अपयशाचे संभाव्य कारण मानले जाते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मध्यम व तीव्र एआरडीएसमध्ये या यंत्राचा सरसकट वापर करू नये अशी ठाम शिफारस केली.

निष्कर्ष :
कार्यतत्त्व निर्दोष असले तरी रुग्ण वाचेलच असे नाही. प्रयोगशाळेत पटलेली कल्पना रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीतून पारखून घ्यावी लागते, हाच या यंत्राच्या इतिहासाचा बोध होय. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मनात 'याहून प्रगत यंत्र का लावत नाहीत?' हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. साधे यंत्र, लहान श्वास व सततची देखरेख हीच अनेकदा अधिक सुरक्षित निवड असते, हे त्याचे उत्तर होय.